पडद्यावरची पुस्तके आणि पावसाळी शनिवार

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, दर शनिवारी संध्याकाळी, अभिजात साहित्यावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिका दाखवण्याचा उपक्रम चालवला. वर्गणी महिन्याला ५० रुपये, त्यात एक कप चहा धरलेला. पावसाळ्यात आमच्याकडच्या उत्सवी नाटकांचे मांडव केव्हाच उतरलेले असतात आणि संध्याकाळी घराबाहेर पडायला काही तरी निमित्त लागते, म्हणून मी नाव घातले. सतरा शनिवारांपैकी चौदा शनिवार मी हजर होतो, तेव्हा या सेवेविषयी लिहिण्याचा थोडाफार हक्क मला पोहोचतो. घरी याच मालिका अधिक स्वच्छ दिसतात, अधिक स्पष्ट ऐकू येतात आणि हव्या तिथे थांबवता येतात, हे आधीच मान्य करून टाकतो. तरीही पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा पैसे भरणार आहे, आणि ते पडद्यासाठी नव्हे, तर पडदा उजळण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांसाठी.

त्या पंधरा मिनिटांत ग्रंथपाल बाई पुस्तक वाचतात. त्या दिवशी जे दाखवले जाणार असेल त्याची मूळ पाने त्या उभ्याने, मोठ्याने, जराही अभिनय न करता वाचून दाखवतात. मराठी अनुवाद हाताशी असेल तर अनुवाद, पुस्तक हिंदी असेल तर हिंदीच, आणि इंग्रजी असेल तर पुस्तक समोर धरून तिथल्या तिथे मराठी. गावच्या वाचनालयात जी पुस्तके नाहीत ती त्या पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून आणतात. दाराला चिकटवलेल्या कागदावर या वाचनाला ‘प्रास्ताविक’ असे नाव दिले आहे. पहिल्या दिवशी निम्मी मंडळी ते संपल्यावरच आली. जुलै उजाडेपर्यंत मात्र चार वाजता खुर्च्या भरलेल्या असत.

पहिले सहा शनिवार ‘मालगुडी डेज’चे होते. आर. के. नारायण यांच्या कथा आणि ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही १९३५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी यांवरून शंकर नाग यांनी केलेली ही मालिका दूरदर्शनवर लागत असे तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्या वेळी तिच्यात मला फक्त शाळकरी स्वामी दिसत होता. पन्नाशीला आल्यावर बाकीचे दिसले. मालिकेचे चित्रण कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे या गावी झाले आहे. मुसळधार पावसासाठी ख्यात असलेले, सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे गाव म्हणजे नारायण यांच्या मनातले मालगुडी असेलच असे नाही, कारण पुस्तकातले मालगुडी सरयू नदीकाठचे, तमिळ वळणाचे, बरेच कोरडे आणि धुळीचे गाव आहे. पण गोव्यातल्या प्रेक्षकाला या बदलाचा फायदाच होतो. उतरती कौले, लाकडी खांबांची पडवी, आतला चौक, भिंतीच्या पायाशी धरलेली ओल, हे सगळे आमच्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यात कुठेही सापडावे असे आहे. गिरीश कर्नाड यांनी केलेले स्वामीचे वडील त्या पडवीत येऊन उभे राहिले की आमच्या सभागृहातल्या निदान चार जणांना आपापले वडील आठवत असावेत. निदान माझ्या शेजारचे निवृत्त मास्तर तेवढ्यापुरते ताठ बसत.

या मालिकेतले कथांचे भाग कादंबरीवरच्या भागांपेक्षा सरस आहेत, असे माझे मत आहे. एक कथा आणि वीस-बावीस मिनिटांचा एक भाग हे माप एकमेकांना बेतून घेतल्यासारखे बसते. हरवलेल्या पत्राची कथा घ्या. तनप्पा नावाचा पोस्टमन रामानुजम यांच्या घरी नुसती पत्रे टाकत नाही, तर बसून त्यांच्या मुलीच्या लग्नाची चिंता करतो, स्थळे सुचवतो आणि शेवटी, मुहूर्त टळला तर जमलेले लग्न मोडेल म्हणून, नातेवाइकाच्या मृत्यूची तार लग्न लागेपर्यंत स्वतःजवळ दाबून ठेवतो. नोकरी जाईल असा हा गुन्हा आहे, हे त्यालाही ठाऊक आहे आणि रामानुजम यांनाही. नारायण हे सगळे इतक्या सपाट सुरात सांगतात की वाचणाऱ्याने रागवावे की हसावे, हे त्याच्यावरच सोडलेले असते. भाग संपल्यावर आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपली. सुतक लपवून लावलेले लग्न चालते काय, या मुद्द्यावर दोन आज्यांनी दोन बाजू घेतल्या आणि चहा निवला. पुस्तकात मोकळी सोडलेली जागा पडद्यावरही मोकळी राहिली होती, याची याहून चांगली पावती मला सुचत नाही.

आता तक्रार. यंत्र चालवायला बसवलेला पोरगा हुशार आहे, तारा आणि रिमोट यांत त्याचा हात बसलेला आहे. पण वेळ वाचवण्यासाठी तो प्रत्येक भागाची शीर्षके पुढे ढकलतो. पहिल्या शनिवारी एकदा ती पूर्ण दाखवली, नंतर कधीच नाही. एल. वैद्यनाथन यांची ती धून दोन स्वरांवर तुटते आणि एकदम पोस्टमन सायकलवरून येताना दिसतो. मी दोनदा सांगून पाहिले, तर त्याचे म्हणणे, ‘सर, ते सगळ्यांनी बघितलेले असते.’ बघितलेले असते हे खरे. पण या मालिकेच्या शीर्षकांत आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आहेत, आणि लक्ष्मण हे लेखकाचे सख्खे धाकटे भाऊ. भावाने लिहिलेल्या गावातली माणसे भाऊच दोन रेघांत काढून दाखवतो, आणि त्या रेघांत तोच मिस्कील, कोणावर न रागावणारा सूर आहे जो नारायण यांच्या वाक्यांत आहे. पुढच्या वीस मिनिटांत तो सूर पुन्हा इतका उघड कुठेच ऐकू येत नाही. शीर्षके कापली म्हणजे पुस्तकाचा सांगणारा दाराबाहेर उभा केला.

सांगणाऱ्याचा हा प्रश्न माझा नव्हे. तो विचारला पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आजीने. त्या वर्षानुवर्षे देवळातल्या कीर्तनाला आणि पुराणाला बसत आल्या आहेत. टीव्ही त्यांना नवा नाही, पण पुस्तकावरून केलेले काही बघतोय हे सांगून दाखवलेला टीव्ही नवा होता. तिसऱ्या शनिवारी वाचन झाले, भाग सुरू झाला, आणि पाचेक मिनिटांनी त्यांनी मागे वळून बाईंना सरळ विचारले, ‘बाई, पूण हें सांगता कोण?’ बाई म्हणाल्या, ‘पुस्तकात लेखक सांगतो, आजी. इथे कोणी सांगत नाही, नुसते घडते.’ आजींचे समाधान झाले नाही, आणि घरी जाताना छत्रीखाली विचार केला तेव्हा माझेही झाले नाही. कीर्तनकार एका क्षणी हरिश्चंद्र होतो, दुसऱ्या क्षणी तारामती होतो; पण तो कधीही पुरता हरिश्चंद्र होत नाही, कारण गोष्ट सांगणारा बुवा मधे उभाच असतो आणि त्याला योग्य वाटेल तिथे तो थांबून चिमटा काढतो. दशावतारात हार्मोनियमवर बसलेला नाईक तेच काम गाऊन करतो. कादंबरीतही हा बुवा असतो. मालिका करणारे लोक प्रथम त्यालाच काढून टाकतात, कारण त्याला द्यायला चेहरा नसतो. त्या दिवसानंतर मी प्रत्येक मालिका याच एका प्रश्नाने पाहिली: बुवाला यांनी कुठे बसवले?

‘तमस’मध्ये त्याचे उत्तर अनपेक्षित जागी मिळाले. भीष्म साहनी यांच्या फाळणीवरच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ही सुमारे पाच तासांची मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली, तेव्हा ती बंद पाडावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि दोन्हीकडे मालिकेच्या बाजूने निकाल लागला. हरनामसिंग या वृद्ध शीख दुकानदाराची भूमिका खुद्द भीष्म साहनी यांनी केली आहे, त्याची बायको बंतो म्हणजे दीना पाठक. आयुष्यभराचे दुकान सोडून रात्री पायवाटेने निघालेली ती दोन म्हातारी माणसे पडद्यावर दिसली, आणि बाईंनी हळूच सांगितले की हा म्हातारा म्हणजेच ज्याची पाने आपण मघाशी ऐकली तो लेखक. पहिल्या रांगेतून कोणी काही विचारले नाही. लेखकाने स्वतःच्या गोष्टीत शिरावे, तेही अधिकारवाणीने बोलणारा कोणी म्हणून नव्हे, तर परक्या दारावर आसरा मागणारा म्हणून, याला मी निहलानी यांच्या पात्रनिवडीतली सर्वांत मोठी गोष्ट मानतो. ओम पुरी यांनी केलेला नत्थू चांभार अधिक गाजला, आणि गाजण्याजोगा तो आहेच.

नत्थूच्याच प्रसंगात आमच्याकडे एक घोटाळा झाला. कादंबरीची सुरुवात नत्थू एका कोंदट खोलीत रात्री डुकराशी झुंजतो तिथून होते. कोनाड्यात पणती आहे, डुक्कर मरता मरत नाही, आणि हे कोणासाठी आणि कशासाठी करतो आहोत हे नत्थूला नीट ठाऊक नाही. बाईंनी त्यातली पाच पाने वाचली, मग मालिका सुरू झाली, आणि डुक्कर भिंतीशी जाऊन उभे राहिले त्याच क्षणी लायट गेली. बाहेर पाऊस असा की पत्र्याखेरीज कशाचा आवाज नाही. इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे आणि दिवे पेलतो, प्रोजेक्टर नव्हे, आणि त्या दिवशी तो दिवेही पेलेना. बाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून सहाव्या पानापासून पुढे वाचायला घेतले. वीसेक मिनिटे लायट आली नाही. उठूनही कोणी गेले नाही. प्रोजेक्टर पुन्हा सुरू झाला तेव्हा पोरग्याने विचारले, जिथे थांबले होते तिथून लावू की तुम्ही वाचलेत त्याच्या पुढून? मास्तर म्हणाले, पुढून. मला ते पटले नाही, मला नत्थू पुन्हा पाहायचा होता. पण बहुमत मास्तरांच्या बाजूने पडले.

इंग्रजीतले एकच काही दाखवले गेले, ते म्हणजे जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरची बीबीसीची १९९५ सालची सहा भागांची मालिका. मला धास्ती होती की आमच्या मंडळींना दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती बैठकीच्या खोल्या परक्या वाटतील. झाले उलटेच. पाच मुली उजवायच्या, इस्टेट दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, आणि शेजारच्या बंगल्यात वर्षाला चार-पाच हजार पौंड उत्पन्नाचा अविवाहित माणूस राहायला आलेला, एवढे कळल्यावर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्याचा मित्र डार्सी याचे उत्पन्न वर्षाला दहा हजार आहे, असे कळल्यावर मागून कोणी तरी ‘भाटकार!’, म्हणजे आमच्याकडचा जमीनदार, म्हणाले आणि ते नाव शेवटपर्यंत टिकले. त्या मुलींची आई मिसेस बेनेट हे पात्र आमच्याकडे सगळ्यांत जास्त समजून घेतले गेले. घरात पाच मुली असलेल्या बाईने एवढा आरडाओरडा केला तर त्यात हसण्यासारखे काय, असे निदान तीन जणींचे मत पडले.

या मालिकेत बुवाची सोय पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी चलाखीने लावली आहे. १८१३ सालच्या या कादंबरीचे पहिले वाक्य, श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायकोची गरज असणारच असे गंभीर चेहऱ्याने सांगणारे, हे निवेदिकेचे वाक्य आहे, आणि त्यात टोमणा आहे. मालिकेत ते त्या पाच मुलींतल्या एलिझाबेथच्या, म्हणजे नायिकेच्या, तोंडी येते, घरच्यांबरोबर चालता चालता आईला चिडवण्यासाठी. जेनिफर एली ते इतक्या सहज म्हणतात की ते उसने आहे हे कळतही नाही, आणि पुढे सहा भाग आपण एलिझाबेथच्या डोळ्यांनीच पाहत राहतो. युक्ती बिनतोड आहे. तरी तिची किंमत मोजावी लागते. पुस्तकातली निवेदिका एलिझाबेथलाही हसत असते, तिच्या घाईच्या निष्कर्षांना हसत असते. सांगणारीच नायिका झाली की तिला हसणार कोण? तळ्यात पोहून भिजल्या सदऱ्याने बाहेर येणारा कॉलिन फर्थ यांचा डार्सी पुस्तकात नाही, हे बाईंनी प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकले होते. त्यावर कोणाचीही हरकत आली नाही.

इथे सेवेतला एक दोष सांगायला हवा. इंग्रजी मालिकेला खाली इंग्रजी अक्षरे, आणि ती पडद्याच्या कडेबाहेर सांडलेली. त्यामुळे बाईंना भाग चालू असताना मधे मधे मराठीत सांगावे लागे. पहिल्या दोन भागांत मला त्याचा त्रास झाला. तिसऱ्या भागापासून मी त्यांच्याकडेच कान लावून बसू लागलो, कारण त्या संवादांचे भाषांतर करायचे सोडून ‘हा आता खोटे बोलतोय बरे’, ‘हिला अजून कळलेले नाही’ असे बोलू लागल्या होत्या. आजी खूश होत्या. मूळ मालिका मात्र आम्ही साठ टक्केच ऐकली असेल, आणि ज्याला ती नीट पाहायची आहे त्याने या खोलीत ती पाहू नये.

प्रेमचंदांच्या कथा-कादंबऱ्यांवर गुलजार यांनी केलेल्या मालिकेतले ‘गोदान’ दोन शनिवारांत उरकले गेले, आणि उरकले हाच शब्द योग्य आहे. गणेश चतुर्थी तोंडावर आली होती, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाच्या आणि बाजाराच्या गडबडीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि चर्चा झालीच नाही. पंकज कपूर यांचा होरी हा गरीब शेतकरी खांद्यांतून वाकलेला आहे. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच कर्ज दिसते. शेवटचे पान बाईंनी वाचले: सुतळी विकून आलेले वीस आणे होरीची बायको धनिया मरत्या नवऱ्याच्या हातावरून ब्राह्मणाला देते, घरात गाय नाही, वासरू नाही, हेच गोदान. ते वाचून झाल्यावर पडद्यावर काहीही दाखवले असते तरी ते कमीच वाटले असते. हा एकमेव शनिवार, ज्या दिवशी वाचन आधी ठेवणे चूक ठरले.

मराठी काही नाही, ही माझी सर्वांत मोठी निराशा. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर गजानन जागीरदार यांनी केलेली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची मालिका, किंवा चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरची, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका, यांतले निदान दोन-तीन भाग तरी हवे होते. चिमणराव तर मुद्दाम हवे होते, कारण तिथे सांगणारा स्वतः चिमणरावच आहे. स्वतःची फजिती स्वतःच मान वर करून सांगणारा माणूस पडद्यावर आणताना सांगणे आणि घडणे यांची सांगड कशी घातली, हे आमच्या आजींसमोर बसून पाहायला मला आवडले असते. बाईंचे म्हणणे असे की चांगली प्रत मिळाली तरच दाखवायचे, भुरकट आणि आवाज नसलेले काही लावायचे नाही. तत्त्व म्हणून हे ठीक आहे.

व्यवस्थेबद्दल थोडके. सभागृह जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे आणि कौलारू. मागची पडवी नंतर पत्र्याची काढली आहे आणि नेमका प्रोजेक्टर तिथे ठेवला आहे, त्यामुळे जोराच्या सरीत मागच्या तीन रांगांना संवाद ऐकू येत नाहीत. ध्वनिक्षेपक एकच, तोही भजनाच्या कामाला येणारा. त्यात माणसाचा आवाज घुमतो आणि संगीत चिरकते. चहा चांगला, आल्याचा. वर्गणीत न धरलेले बन्स वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात आणि ते घेण्याजोगे आहेत. एका संध्याकाळी दोनच भाग दाखवतात, हे मला फार पटले. घरी एका बैठकीत सहा भाग संपवणाऱ्या माझ्या मुलीला ते पटत नाही. चर्चेला वेळेचे बंधन नाही, आणि असायला हवे. एकदा ‘तमस’नंतरची चर्चा गावच्या पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत जाऊन पोहोचली आणि फोंड्याकडची शेवटची बस दोघांची चुकली.

सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी बाईंनी एक कोरी वही फिरवली आणि पुढच्या वर्षी काय हवे ते लिहायला सांगितले. मी चिमणराव लिहिले, आणि त्याच्याखाली, शीर्षके कापू नयेत, असेही लिहिले. आजींना लिहिता येत नाही असे नाही, पण त्यांनी वही माझ्याकडे देऊन सांगितले: वाचन पंधरा मिनिटांचे अर्धा तास करा. त्याखाली त्या पोरग्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की मग भाग एकच दाखवता येईल. नाव घालायचे असेल त्यांनी मे महिन्यात वाचनालयात चौकशी करावी, आणि पहिल्या दिवशी लवकर येऊन जागा धरताना तिसऱ्या रांगेतल्या खिडकीकडच्या दोन खुर्च्या टाळाव्यात. तिथले कौल फुटलेले आहे.